आजारपणाची रंगीत तालीम: साथीच्या काळात मुलांना विद्यापीठात पाठवताना

माझी मुलगी सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीत, विद्यापीठात गेली आणि २०२१ मध्ये तिच्या पाठोपाठ मुलगा. मुलीच्या वेळी मी महिनाभर याद्या करत होते. मास्क किती, सॅनिटायझर किती, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, गोळ्या, सगळं दोन-दोन. मी वीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. त्या वर्षी रोज स्वॅबच्या नळ्या हाताळत होते, त्यामुळे बॅगेत काही राहून गेलं नव्हतं. तरी तिसऱ्या आठवड्यात तिला ताप आला तेव्हा तिने दोन दिवस मला सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर कॅमेरा बंद होता. "रेंज नाहीये," म्हणाली. पण वाक्य पुरं करताना मध्येच थांबत होती. "मी आज... लेक्चर नाही... केलं." खोकला दाबून धरता येतो, तुटणारं वाक्य लपत नाही. ऑक्सिमीटर लावलंस का, असं विचारलं, तर तो बॅगेतून बाहेरच निघाला नव्हता. सेल अजून वेष्टनातच होते. ते तिने माझ्यासमोर फोडले, बोट घातलं, आकडा ९५ आला. लगेच डॉक्टरांना दाखवलं, दहा दिवस वेगळ्या खोलीत राहिली आणि बरी झाली. सगळं निवळल्यावर मी विचारलं, का गं सांगितलं नाहीस? म्हणाली, "तू घाबरली असतीस, रडली असतीस. मग मलाच तुला समजवावं लागलं असतं. तेवढी ताकद नव्हती गं आई."

मुलाची तयारी मी या वाक्यापासून सुरू केली. बॅग शेवटच्या दोन दिवसांत भरली. त्याआधीचे दोन महिने एकाच गोष्टीसाठी दिले: घरापासून लांब, एकट्याने आजारी पडता येणं आणि पडल्यावर ते सांगता येणं. ज्यांची मुलं आता निघतील त्यांच्यासाठी ते सगळं इथे लिहिते आहे.

आधी आपली तयारी

"मला ताप आहे" हे मुलाने सांगितल्यावर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं, यावर पुढची वेळ ते सांगेल की नाही हे ठरतं. माझ्या तोंडून निघायचं, "अरे देवा! कुणाच्या संपर्कात गेलास? मास्क घातला नव्हतास ना?" काळजीच होती ती, पण पलीकडे ऐकणाऱ्याला तो आरोप वाटतो. म्हणून मी दुसरं वाक्य ठरवलं आणि भांडी आवरताना मोठ्याने म्हणून म्हणून पाठ केलं: "बरं झालं सांगितलंस. आकडा किती आहे?" पहिल्या भागाने मुलाला धीर येतो, दुसऱ्याने दोघांनाही काहीतरी करायला मिळतं. घरातल्या सगळ्यांना हे वाक्य सांगून ठेवा. आजी-आजोबांना तर नक्कीच. रडू येईल, ते येऊ द्यावं, पण फोन ठेवल्यावर.

आणि कुठे गेला होतास, कुणाबरोबर होतास हे विचारण्याचं काम तेव्हा विद्यापीठातल्या संपर्क शोधणाऱ्या लोकांचं होतं. ते त्यांना करू दिलं. मुलगा एखाद्या पार्टीला गेला असेल तर ते त्यांच्यापाशी खरं सांगितलं जाणं जास्त महत्त्वाचं. त्यावरून दुसऱ्या कुणाची तरी तपासणी वेळेत व्हायची.

दोन दिवसांची तालीम

निघायच्या महिनाभर आधी एक शनिवार-रविवार ठरवा. मूल ठणठणीत असताना. शनिवारी सकाळपासून रविवारी संध्याकाळपर्यंत ते आपल्या खोलीत एकटं राहील आणि आजारी असल्यासारखं सगळं स्वतः करेल. जेवण दाराबाहेर ठेवायचं, दार वाजवायचं आणि निघून जायचं. दिवसातून तीन वेळा ताप, ऑक्सिजन आणि नाडी मोजून वहीत लिहायची. एकदा डॉक्टरांच्या हेल्पलाइनला फोन करायचा. ही हेल्पलाइन म्हणजे आमच्याकडे त्याची मावशी होती, तिच्या घरी, हातात कागद-पेन घेऊन.

हा खेळ वाटेल, पण पहिल्याच दिवशी आम्हाला किती गोष्टी कळल्या! थर्मामीटर लावायच्या आधी तो गरम चहा प्यायला होता, त्यामुळे ताप दिसला. खाण्या-पिण्यानंतर पंधरा-वीस मिनिटं थांबून तोंडातला ताप मोजायचा, हे मला इतकं अंगवळणी पडलेलं की त्याला कधी सांगितलंच नव्हतं. दुपारी फोनची बॅटरी संपली आणि चार्जर बाहेरच्या खोलीत. आजारी माणसाला तेवढं उठणंही जड असतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्या दिवसापासून त्याने पलंगापाशी एक पिशवी ठेवली: चार्जर, पाण्याची बाटली, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, गोळ्या, वही, पेन.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मावशीच्या फोनने. तो म्हणाला, "मला बरं वाटत नाहीये," आणि गप्प. मावशी पण गप्प. मग तिने एकेक विचारायला सुरुवात केली. कधीपासून? ताप किती, कधी मोजला? गोळी कोणती, किती वाजता घेतली? दुसरा काही आजार, कशाची ॲलर्जी? जिना चढताना धाप लागते का? याला निम्मी उत्तरं येईनात. तिने फोन ठेवला आणि सांगितलं, अर्ध्या तासाने परत कर. मधल्या वेळात त्याने वहीच्या पहिल्या पानावर पाच ओळी लिहिल्या: मी कोण आणि कुठे राहतो, पहिलं लक्षण कोणत्या दिवशी, आत्ताचे तीन आकडे, घेतलेली औषधं, वेळेसकट, आधीचे आजार आणि ॲलर्जी. दुसऱ्या फोनला त्याने हे सगळं दीड मिनिटात सांगितलं. ते पान त्याने फाडलं नाही, तीच वही बरोबर नेली.

तुमच्या मुलाची ही तालीम तुम्ही स्वतः घेऊ नका. आपण आई-बाप मधेच उत्तर सांगून टाकतो. मावशी, काका, शेजारच्या ताई, कुणीही चालेल, पण आवाज घरातला नको.

आकडे, जे पाठ हवेत

निरोगी असताना तीन दिवस ताप आणि ऑक्सिजन मोजून लिहून ठेवा. आपलं नेहमीचं किती हे माहीत असेल तरच बदललेलं कळतं. माझ्या मुलाचा सकाळचा ताप ९७.६ फॅरनहाइट असतो. ताप म्हणायचं ते १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियसपासून.

ऑक्सिमीटर लावण्याआधी पाच मिनिटं शांत बसायचं. हात गार असतील तर चोळून गरम करायचे. नेलपॉलिश असेल तर काढायचं. बोट घातल्यावर पहिला आकडा धरायचा नाही, तो स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबायचं. ९५ आणि वर असेल तर नोंद करून पुढच्या वेळी बघायचं. ९४ किंवा ९३ आला तर डॉक्टरांना फोन. ९२ किंवा खाली गेला तर थेट ॲम्ब्युलन्स. आणि एक गोष्ट आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या माणसांनी लक्षात ठेवायची आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की गडद वर्णाच्या रुग्णांमध्ये हे यंत्र खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवू शकतं. म्हणून आकडा चांगला असूनही धाप लागत असेल, छातीत दाब वाटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, बोलताना गोंधळ होत असेल, तर आकडा बाजूला ठेवायचा आणि मदत मागायची.

पॅरासिटामॉल: मोठ्या माणसाला ५०० मिलिग्रॅमची एक किंवा दोन गोळ्या, दोन वेळांत किमान चार तासांचं अंतर, चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर काहीही झालं तरी नाही. सर्दीच्या बऱ्याच तयार औषधांतही पॅरासिटामॉल असतं. मुलं दोन्ही घेतात आणि मोजणी चुकते, भार यकृतावर येतो. पाकिटावर घटक कुठे लिहिलेले असतात ते मुलाला बोट ठेवून दाखवा. मी तीन पाकिटं समोर ठेवली आणि यातल्या कशात पॅरासिटामॉल आहे ते शोध म्हटलं. दोन पाकिटांत होतं, त्याला एकाच पाकिटात सापडलं.

दिवसांचा हिशेब पण सांगा. तेव्हा लागण झाल्यावर लक्षणं साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी यायची, कधी चौदा दिवसही लागायचे. लक्षणं दिसण्याच्या दोन दिवस आधीपासून माणूस दुसऱ्याला लागण देऊ शकतो. तपासणी फार लवकर केली तर आरटी-पीसीआरसुद्धा निगेटिव्ह येते. हे मी तेव्हा रोज बघत होते. संपर्क आल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वॅब देऊन, रिपोर्ट हातात घेऊन मित्रांना भेटायला जाणारी तरुण मुलं असायची, त्यांना तो कागद म्हणजे परवाना वाटायचा. आणि ज्यांचं बिघडतं त्यांचं बहुतेकदा पहिल्या लक्षणापासून पाचव्या ते दहाव्या दिवसांत बिघडतं. "चौथ्या दिवशी बरं वाटतंय" म्हणून वही बंद करायची नाही.

२०२१ मध्ये कोरोना लसीचे दोन डोस असायचे, ते निघण्याआधी दोन आठवडे तरी पूर्ण व्हावेत असं मी बघितलं. त्याच फेरीत बाकीच्या लसींचं कार्डही काढून बघा. होस्टेलमध्ये एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मेनिन्जायटिसचा (मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराचा) धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून कित्येक देशांत विद्यापीठात जाण्यापूर्वी त्याची लस घ्यायला सांगतात. कोरोनाच्या गडबडीत ही लस आमची राहिलीच होती.

खोली आणि हवा

हा विषाणू बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. म्हणून खोली मिळाल्यावर पहिला प्रश्न: खिडकी उघडते का? किती? मुलीच्या खोलीची खिडकी रंगाने चिकटून बसली होती. आम्ही फोटोत पडदे बघितले, खिडकी बघितली नाही. मुलाला पहिल्याच दिवशी खिडकी उघडून तिचा व्हिडिओ पाठवायला सांगितलं. खोलीत दुसरा कुणी आला की खिडकी उघडी आणि समोरचं दार फटीएवढं उघडं. टेबल फॅन असेल तर त्याचं तोंड खिडकीकडे, म्हणजे आतली हवा बाहेर जाते.

मास्क नाकापाशी घट्ट बसला पाहिजे. चष्म्यावर वाफ धरत असेल तर हवा वरून निसटते आहे. मुलग्यांच्या बाबतीत आणखी एक: एन-९५ दाढीवर नीट बसत नाही. माझ्या मुलाने नुकतीच दाढी राखली होती, फार कौतुकाने. मी काढ म्हटलं नाही. आरशासमोर मास्क लावून जोरात श्वास सोड आणि गालापाशी हात धर, एवढंच सांगितलं. हवा हाताला लागली. संध्याकाळी स्वतःच दाढी करून आला.

हात साबणाने वीस सेकंद धुवायचे, सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल साठ टक्क्यांच्या वर हवं. हे आता सगळ्यांना माहीत आहे, फार बोलत नाही.

विद्यापीठाला विचारायचं ते

फोनवर गोड बोलतात, म्हणून ई-मेल करा आणि उत्तर लेखी घ्या. ई-मेल मुलाला लिहू द्या. पॉझिटिव्ह आल्यावर मूल कुठे राहणार, आपल्याच खोलीत की वेगळीकडे? त्या दिवसांत जेवण आणि औषध दारापर्यंत कोण आणणार? रात्री दोन वाजता कुणाला फोन करायचा? आजारपणामुळे परीक्षा किंवा असाइनमेंट चुकली तर मुदत वाढवायला काय लागतं, किती दिवसांत कळवायचं? होस्टेल मध्येच बंद झालं तर भाड्याचं काय? आमच्या मुलीच्या वेळी जेवणाचा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पहिल्या दिवशी रात्री साडेनऊपर्यंत तिच्या दाराशी काही आलं नाही.

हे प्रश्न फार दूरचे वाटत असतील तर २०२० साल आठवा. हार्वर्डने १० मार्च २०२० ला मुलांना सांगितलं की १५ मार्चपर्यंत होस्टेल रिकामी करा. पाच दिवस. अमेरिकेतल्याच चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने त्या वर्षी १० ऑगस्टला वर्ग भरवले आणि आठवड्याभरात, १७ ऑगस्टला, पदवीचे वर्ग पुन्हा ऑनलाइन करत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरच्या शेवटी इंग्लंडमध्ये मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठाच्या होस्टेलांतल्या सुमारे १,७०० मुलांना चौदा दिवस आत राहायला सांगितलं गेलं. त्यातल्या बहुतेक मुलांना घर सोडून जेमतेम दोन-तीन आठवडे झाले असतील.

म्हणून परत येण्याचं आधीच ठरवून ठेवा, आणि कागदावर. होस्टेल अचानक बंद झालं तर कोण, कसं आणायला जाणार. यायला जमत नसेल तर त्या शहरात दोन रात्री कुणाकडे राहता येईल. घरी आजी-आजोबा असतील तर पहिले किती दिवस मूल वेगळं झोपेल. आणि हे ठळक लिहा: लक्षणं असतील तर घरी निघायचं नाही, आधी तपासणी. हा नियम शांत डोक्याने आधी झालेला असला तर ऐन वेळी "माझी आईच मला घरी येऊ नको म्हणते" असं मुलाला वाटत नाही. एक छोटी बॅग कायम भरलेली ठेवायला सांगा: लॅपटॉप, चार्जर, औषधं, मूळ कागदपत्रं, तीन दिवसांचे कपडे.

कागदपत्रांवरून आठवलं. मूल अठरा वर्षांचं झालं की ते सज्ञान. पुष्कळ ठिकाणी डॉक्टर किंवा विद्यापीठ त्याच्या परवानगीशिवाय आपल्याला काही सांगत नाहीत. तातडीच्या वेळी कुणाला कळवायचं त्या फॉर्मवर आणि माहिती देण्याच्या संमतीवर मुलाची सही प्रवेशाच्या वेळीच झालेली असू दे. नेहमीची औषधं असतील तर डॉक्टरांकडून मूळ औषधाच्या नावाने चिठ्ठी घ्या, कारण कंपनीचं नाव दुसऱ्या गावात चालेलच असं नाही.

पडद्यामागचं पहिलं वर्ष

मुलीची पहिली टर्म जवळजवळ सगळी लॅपटॉपवर गेली. पडद्यावर चाळीस काळे चौकोन, प्रत्येकात एक नाव. डिसेंबरमध्ये घरी आली तेव्हा तिच्या बोलण्यात वर्गातल्या एकाही मुलीचं नाव नव्हतं. तिला वाटत होतं की आपल्यालाच मैत्री करता येत नाही. युनेस्कोच्या मोजणीप्रमाणे एप्रिल २०२० मध्ये १९० हून जास्त देशांतल्या दीडशे कोटींवर विद्यार्थ्यांचे वर्ग बंद होते. हा आकडा मी तिला सांगितला तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, म्हणजे त्या चौकोनांमागे सगळे असेच बसले होते?

दुसऱ्या टर्मला तिने जे केलं तेच तिने भावाला शिकवलं, मी नाही. पहिल्या आठवड्यात प्रत्येक तासाला कॅमेरा चालू ठेवायचा आणि रोज कुठल्याही एका तासाला एक प्रश्न विचारायचा, चॅटमध्ये का होईना. तास संपल्या संपल्या एकाला नेमकं काहीतरी विचारणारा मेसेज करायचा. "हाय, कसा आहेस" याला उत्तर येत नाही. "सरांनी दुसरं उदाहरण कुठल्या पानावरचं सांगितलं?" याला येतं. असे तिघं जमले की आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी एकत्र अभ्यास. आणि रोज तासभर बाहेर, उघड्यावर, जमल्यास कुणाबरोबर चालत. उघड्या हवेत धोका पुष्कळ कमी, आणि चालताना शेजारी तोंड करून बोलायचं नसल्याने लाजरी मुलंही बोलतात.

आपण लक्ष ठेवायचं ते मार्कांवर नाही. दुपारपर्यंत झोप, आंघोळ टाळणं, प्रत्येक वेळी कॅमेरा बंद, आवडत्या गोष्टीबद्दलही "काही नाही" हे दोन आठवडे चाललं, तर स्पष्ट विचारा. जगणं नकोसं वाटतंय का, जीव द्यावासा वाटतो का, असं थेट विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात असतो त्याला बोलायला वाट मिळते. विद्यापीठाच्या समुपदेशकांचा नंबर पहिल्याच दिवशी फोनमध्ये घालून घ्या, तोच नंबर स्वतःच्या फोनमध्येही ठेवा. उत्तर "हो" आलं तर मुलाजवळ लगेच कुणीतरी पोचेल असं बघा आणि तोपर्यंत फोन ठेवू नका.

फोन

पहिल्या वर्षी मी मुलीला दिवसातून चार-पाच फोन करायचे. प्रत्येक फोनला तोच प्रश्न, तब्येत कशी आहे, आणि तेच उत्तर, बरी आहे. मुलाबरोबर ठरवलं ते असं. रोज सकाळी त्याच्याकडून एक मेसेज, फक्त ठीक की नाही. दोन शब्द पुरे. दुपारी बारापर्यंत आला नाही तर मी एक फोन करेन. त्यालाही उत्तर नसेल तर त्याच्या शेजारच्या खोलीतल्या मुलाला, ज्याचा नंबर त्यानेच मला दिला आहे. रविवारी निवांत गप्पा. त्यात तब्येतीचा विषय तो काढेल, मी नाही.

त्याला जाऊन सहा आठवडे झाले होते. एके रात्री दहाच्या सुमाराला फोन वाजला. ठरलेली वेळ नव्हती. "आई, घसा खवखवतोय. ताप ९९.१, ऑक्सिजन ९८, नाडी ८४, पहिलं लक्षण आज दुपारी. गोळी घेतलेली नाही. उद्या सकाळी तपासणीची वेळ घेतली आहे." माझे हात गार पडले होते. "बरं झालं सांगितलंस," मी म्हटलं. आकडे त्याने आधीच सांगून टाकले होते, त्यामुळे पुढे काय विचारावं हे क्षणभर सुचेना. मग विचारलं, "खिडकी उघडी आहे का रे?"

"उघडीच आहे," म्हणाला. मागून वाऱ्याचा आवाज येत होता.